मोकाशींच्या जीपची फाइल

सकाळी साडेसहाला जीपची बॅटरी पोटाशी धरून दोन मजले उतरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. नोएडातल्या आमच्या सोसायटीत तो हिवाळाभर रोज दिसायचा. रात्रीच्या थंडीत बॅटरी मान टाकते म्हणून मोकाशी काका तिला घरात, चक्क हीटरजवळ ठेवत. जीपच्या बॉनेटवर घरातली सगळ्यात जाड रजई पांघरलेली असे. स्वतः काका कोपरावर विरलेल्या स्वेटरमध्ये कुडकुडत असत.

देशाची दारं उघडली, असं तेव्हा वर्तमानपत्रं रोज सांगायची. आमच्या सोसायटीतली मात्र सगळी बंद असत. आधी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही विरजणापासून थर्मामीटरपर्यंत सगळं शेजाऱ्यांकडून आणलेलं. इथे प्रत्येक दाराला बाहेर जाळी, आत साखळी, मध्ये डोळा. समोरच्या मोहरीच्या शेतात नवे टॉवर उभे राहत होते आणि खाली चकचकीत छोट्या गाड्या. त्या रांगेत काकांची डिझेल जीप म्हणजे लग्नाच्या पंगतीत बनियनवर येऊन बसलेला पाहुणा.

ही जीप काकांच्याच खात्याची. खात्याने तिला निकामी ठरवलं आणि त्याच महिन्यात काकांनाही निवृत्त केलं. काकांनी ती लिलावात घेतली आणि दोघं जोडीने नोएडाला आले. फ्लॅट काकूंनी हौसेने पसंत केला होता, पण ताबा मिळायच्या आधीच त्या गेल्या. तेव्हा जोडी उरली ती ही.

जीप रोज कुठे जायची म्हणाल, तर दुधाच्या बूथवर. चालत गेलं तर चार मिनिटं. जीपने गेलं तर पाऊण तास, कारण त्यातली चाळीस मिनिटं निदानात जात.

निदान हा काकांचाच शब्द. त्यासाठी त्यांनी रीतसर फाइल उघडली होती, लाल फितीची. सेक्शन ऑफिसर म्हणून ते निळ्या शाईत टिपण लिहीत : ‘गाडी थंड असता सुरू होत नाही. पांढरा धूर येतो. एकदा तापली की तक्रार नाही. आदेशार्थ सादर.’ मग पेन बदलून, वरिष्ठ म्हणून हिरव्या शाईत स्वतःलाच आदेश देत : ‘आधी बॅटरी तपासावी.’ खाली सही. सरकारात तीस वर्षं ज्या हिरव्या शाईची वाट पाहिली, ती त्यांना शेवटी जीपने मिळवून दिली.

“काका, मेकॅनिकला दाखवून टाका ना,” मी एकदा म्हणालो.

“दामले, घाई नको. पांढरा धूर हे लक्षण झालं. आधी कारण सिद्ध होऊ द्या.”

आणि एका दिवशी एकच संशयित, हा नियम. सोमवारी बॅटरी निर्दोष सुटली. मंगळवारी थंडीत डिझेल थिजतं का हे पाहायला काकांनी बरणीभर डिझेल रात्रभर बाल्कनीत ठेवलं. ते थिजलं नाही, शेजारची तुळस तेवढी काळवंडली. बुधवारी नळीत हवा शिरल्याचा संशय, गुरुवारी इंजिन ऑइल जाड झाल्याचा. शुक्रवारी पुन्हा बॅटरी, कारण तिचं पहिलं बयान काकांना पटलं नव्हतं.

चौकशी आटोपली की काका फाइल मिटत आणि म्हणत, “चला, धक्का.”

या दोन शब्दांवर आठ जाळ्या आणि आठ साखळ्या निघत. सगळ्यात आधी सोसायटीचे सेक्रेटरी खन्नासाहेब, माकडटोपी घालून कुरकुरत. मागोमाग आम्ही बाकीचे, कुणी तोंडात ब्रश घेऊन, कुणी शाल सावरत. धुक्यात पलीकडचं फाटक दिसत नसे. अशा वेळी जीप ढकलताना गप्प राहणं माणसाला जमत नाही. खन्नांचा गुडघा कधीपासून दुखतो, चौथ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, पाणी कुणाकडे आलं नाही, हे सगळं मला जीपच्या पाठीमागे कळलं. फाटकापाशी जीप एकदाची खोकायची, आम्हाला पांढऱ्या धुराने न्हाऊ घालायची, आणि काका आतून हात हलवत दूध आणायला जायचे. तोवर माझी ऑफिसची चार्टर्ड बस निघून गेलेली असे. त्या जानेवारीत मी ऑफिसला इतके उशिराचे खुलासे दिले की साहेबांनाही जीपची प्रकृती तोंडपाठ झाली.

अखेर कमिटीची नोटीस आली. खन्नासाहेबांनी ती स्वतः काकांच्या हातात दिली.

“मोकाशीजी, सबको तकलीफ होती है. रविवार तक गाडी अपने आप स्टार्ट नहीं हुई, तो गेट के बाहर.”

काकांनी नोटीस दोनदा वाचली, फाइलला लावली आणि फीत बांधली. गाठ त्यांच्याकडून दोनदा सुटली. थंडीने असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण बसमध्ये तेच हात डोळ्यांपुढे येत राहिले.

शनिवारी मी करोल बागला गेलो. सुट्या भागांच्या दुकानात मी प्रकरण साद्यंत मांडायला घेतलं. दुकानदाराने दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

“सुबह ठंड में सफेद धुआँ, बाद में ठीक? हीटर प्लग गए हैं, भाईसाहब. चारों बदल दो. इसमें फाइल क्या करेगी?”

इंजिन थंड असताना आतली हवा तापवणाऱ्या बोटाएवढ्या कांड्या त्या. महिनाभराच्या चौकशीत त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. मी चार घेतल्या आणि विजयी मुद्रेने काकांच्या घरी जाऊन टेबलावर ठेवल्या.

काकांनी त्या पाहिल्या. मग उठून टेबलाचा खण उघडला. आत तशाच चार कांड्या होत्या, नव्या कोऱ्या, खोक्यातल्या.

“दिवाळीपासून आहेत,” ते म्हणाले.

मला संताप आला. माझी बस, माझे खुलासे, माझी कंबर.

“मग बसवल्या का नाहीत?”

काकांनी खण हलकेच सरकवून बंद केला.

“बसवल्या असत्या तर तुम्ही लोक खाली आला असता का?”

त्या घरात एक खुर्ची ओढलेली होती आणि तीन टेबलाखाली सरकवलेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली.

प्लग काकांनी स्वतःच बसवले, वीस मिनिटांत, सराईत हाताने. वरून त्यांना जोडणारी एक वायर घट्ट केली. रविवारी कमिटीसमोर किल्ली फिरवली आणि जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. खन्नासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत सगळे आपापल्या जाळीआड गेले. काकांनी हिरव्या शाईत लिहिलं : ‘कारण सिद्ध. फाइल बंद.’

पुढचे पाच दिवस मी बस वेळेवर गाठली. जीप सुरू झाल्याचा आवाज यायचा, बाल्कनीतून खाली पाहिलं तर धुक्यात काका एकटेच. बूथवरून आल्यावरही ते इंजिन बंद न करता नुसते आत बसून राहायचे. गुरुवारी जिन्यात खन्नासाहेब भेटले.

“आजकल सुबह बडा सूना लगता है, यार,” ते गुडघा चोळत म्हणाले, आणि आपण नोटीस काढली होती हे आठवून घाईने वर गेले.

शनिवारी ऑफिसला सुटी, तरी मी काकांच्या आधी खाली उतरलो. रजई उचलली, बॉनेट उघडलं आणि प्लगची ती वायर काढून ठेवली.

काका बॅटरी घेऊन आले. किल्ली फिरवली. जीप गुरगुरली, पांढरा धूर सोडून गप्प झाली. काकांनी बॉनेट उघडून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. मी धुक्याकडे बघत होतो. त्यांनी बॉनेट हलकेच बंद केलं, वर जाऊन फाइल आणली आणि फीत सोडली. निळ्या शाईत लिहिलं : ‘कारण समजले.’ पेन बदललं आणि खाली हिरव्या शाईत आदेश दिला : ‘दर शनिवारी दुरुस्तीची घाई नको.’ सही करायला त्यांना चष्मा पुसावा लागला.

“चला, धक्का,” ते म्हणाले. वर साखळी निघाल्याचं ऐकू आलं, आणि माकडटोपी घालून खन्नासाहेब जवळजवळ धावतच जिना उतरले.