गुण क्रमांक एकशे सतरा

टाउन्सव्हिलच्या प्रयोगशाळेत ब्रॉनविनने चाळीस बेडकांचा तक्ता संगणकाच्या हवाली केला आणि नखं खायला घेतली. वीस बेडकांच्या अंगावर पांढरे चट्टे, वीस ठणठणीत. दोघांत फरक करणारा जिवाणू सापडला, तरच तिला ऑकलंडच्या परिषदेला जायला मिळणार होतं. चार वाजता नावनोंदणी बंद होणार होती आणि तीन वाजले होते.

पाच मिनिटांत उत्तर आलं. गुण क्रमांक एकशे सतरा, म्हणजे तक्त्यातली एकशे सतरावी ओळ. आजारी आणि निरोगी बेडूक त्याने शंभर टक्के वेगळे काढले होते.

"शंभर?" तिची वरिष्ठ ग्लेनिस खुर्चीतून उठलीच. "तीस वर्षांत मला नव्वदच्या वर काही मिळालं नाही, ब्रॉन. नवरासुद्धा साठ टक्क्यांचा निघाला."

कुणी पक्षपात करू नये म्हणून तिथे तक्त्यातल्या ओळींची नावं झाकून नुसते आकडे घालायची शिस्त होती. खरी नावं बंद पाकिटात.

"आधी पाकीट उघडूया ना," ब्रॉनविन म्हणाली.

"तू उघड. मी तोवर ऑकलंडला कळवते."

ग्लेनिसने कळवलं, 'रोगाचं कारण सापडलं, सोबत घेऊन येतो.' मग कुलगुरूंना फोन केला. तिकडून लगेच केक आला.

ब्रॉनविनने पाकीट फोडून यादीवरून बोट फिरवलं. एकशे सोळा, जिवाणू. एकशे अठरा, जिवाणू. एकशे सतरा, बादली क्रमांक.

तक्त्यात जिवाणूंशिवाय दुसरं काही ठेवायचं नसतं. तिने बाकीच्या नोंदी काढून टाकल्या होत्या, ही एक ओळ राहिली होती. आजारी बेडूक आणले एक ते वीस नंबरच्या बादल्यांतून, निरोगी एकवीस ते चाळीसमधून. संगणकाने इमानेइतबारे तेवढं शोधून काढलं होतं.

"ग्लेनिस, ती बादली आहे."

"कुठली?"

"रोगाचं कारण."

ग्लेनिसची सुरी केकमध्येच थांबली. "आपलं भाषण पहिल्या सत्रात लागलंय."

इतक्यात केकच्या वासावर नेव्हिल आला. नदीवरून बेडूक पकडून आणणारा तोच.

"एक ते वीस? त्या माझ्या जुन्या बादल्या. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनच्या. धुतल्या होत्या गं पोरी. म्हणजे, पाणी मारलं होतं."

"नदीत असताना बेडकांना चट्टे होते?" ब्रॉनविनने विचारलं.

"छे. एकदम गुळगुळीत. मला वाटलं, इथं आल्यावर त्यांना टेन्शन येतं. मलाही येतं."

मग ग्लेनिसने केकचा सगळ्यात मोठा तुकडा ब्रॉनविनच्या बशीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी ऑकलंडच्या विमानतळावर तपासनिसाने बादली उलटी करून पाहिली. "रिकामी आहे. कशाला आणलीत?"

"परिषदेत हिच्यावर भाषण आहे," ब्रॉनविन म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. "किती वेळाचं?"

"चाळीस मिनिटं. नंतर प्रश्नोत्तरं."