दिघेबाईंची अंडी

दिघेबाई अंडी विकत आणायच्या, पण खायच्या नाहीत. गिरगावातल्या आमच्या चाळीला याचा उलगडा होईना. शेजारच्या सोवळ्या नेनेकाकूंना तर दुहेरी दुःख. भिंतीपलीकडे अंडी, आणि ती खाऊन संपतही नाहीत!

बाई मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, एकट्या राहायच्या. खोलीत कापूस घातलेला खोका, त्यात विजेचा दिवा आणि दिव्याच्या उबेला अंडी.

एकदा मी दाराशी डोकावताना सापडलो. बाईंनी एक अंडं दिव्यासमोर धरलं. आत लाल ठिपका लुकलुकत होता.

"हृदय," बाई म्हणाल्या. "परवापर्यंत सगळ्या पेशी सारख्याच होत्या हो. आता एक घोळका हृदय झाला, एक डोळा व्हायला निघालाय, एक कातडी."

"हे ठरवतं कोण?"

"थोडं मूळचं, बरंचसं शेजारचं. बाजूच्या पेशी काय सांगतात त्यावर."

"आणि डोळ्याला मागाहून हृदय व्हावंसं वाटलं तर?"

"मग नाही. वेळ गेलेली असते."

हे सगळं बाई भाजीचा भाव सांगावा तसं सांगायच्या. आतला जीव जरा वाढला की अंडी पिशवीतून शाळेत न्यायच्या, बशीत फोडून मुलींना दाखवायच्या आणि नवी आणायच्या. काकूंनी चाळीच्या मालकाकडे तक्रार करायचं पक्कं केलं होतं.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. एका संध्याकाळी आमच्याच रस्त्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटली. चाळीने भराभर दिवे मालवले. बाईंच्या खिडकीत मात्र उजेड.

"बाई, दिवा!" चारही मजले ओरडले.

बाईंनी दिवा मालवला. थोड्या वेळाने नेनेकाकू काय झालं ते बघायला गेल्या. बाई अंधारात अंडी पदरात गुंडाळून, पोटाशी धरून बसल्या होत्या.

"उद्या फोडायचीच ना ती?" काकूंनी विचारलं. "मग एवढा जीव कशाला टाकता?"

"फोडायची ती उद्या. आज का मारायची?"

काकू घरी जाऊन पेटती शेगडी घेऊन आल्या.

पण चळवळीमुळे शाळा उघडेचना. फोडायची कोणासमोर? बाई रोज अंडी फिरवत राहिल्या. चाळीत सकाळी मोर्चाची बातमी झाली की दुसरा प्रश्न ठरलेला, "बाई, आज काय?"

"आज चोच."

"आज पिसं."

नाकाला पदर लावून काकू दारातूनच विचारायच्या, "डोळे मिटलेले आहेत की उघडे?"

आणि एका सकाळी अंड्यातून टकटक झाली. आम्ही सगळे बाईंच्या दारात जमलो. कवच तडकलं, ओलं पिल्लू बाहेर पडलं, कलंडलं आणि चिवचिवायला लागलं. आता व्याख्यान होणार, म्हणून मी कान टवकारले. पण बाईंचे हात नुसतेच हवेत.

"अहो, उचला की!" काकू म्हणाल्या.

"कसं? मी इथपर्यंत कधी आलेच नाही हो."

काकूंनी ओंजळ करून दाखवली. बाईंनी तशीच ओंजळ केली आणि पिल्लू उचललं. बघून झालं, म्हणून आम्ही पांगू लागलो. इतक्या वर्षांत बाईंनी कोणाला बसा म्हटल्याचं मला आठवत नाही. पण आमच्याकडे पाठ करून त्या हळूच म्हणाल्या, "काकू, जरा बसता का?"

नेनेकाकू घुटमळल्या. मग सोवळं आवरून आत गेल्या आणि बाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.