गुलाबकाकांच्या गाडीचा ताप

गुलाबकाका गाडीतून उतरले की आधी तिच्या कपाळाला हात लावायचे. कपाळ म्हणजे बॉनेटचा पुढचा भाग. हात तळव्याने नाही, उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. आई तापलेल्या लेकराला लावते तसा. मग डोळे मिटून क्षणभर थांबत आणि निकाल देत. "एकशे एक. पडू द्या तिले जराशी." किंवा, "साडेनव्व्याण्णव. चालते."

"साडेनव्व्याण्णव कसे, काका?" मी एकदा विचारलं होतं. इंजिनातलं पाणी त्याच्या दुप्पट तापतं, एवढं मला शाळेतल्या शास्त्रावरून अंधुक माहीत होतं.

"आपलं गणित सोपं आहे," काका म्हणाले. "माणसाचा ताप हातानं पाह्यतो, मंग गाडीचा काऊन नाई?"

काकांचं गणित नेहमीच सोपं असायचं, आणि ते ऐकल्यावर आधी जे कळत होतं तेही कळेनासं व्हायचं.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. जानेफळला आमच्या शेजारीच त्यांचं घर. काकू माझ्या जन्माआधीच गेल्या, मूलबाळ नाही. जेवायला आमच्याकडे, झोपायला आपल्या घरी. मळ्यात वांगी आणि मिरची. आणि दारात ही गाडी, खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याने मोडीत काढलेली, विलायती, माझ्या वडिलांच्या लग्नापेक्षा जुनी. गावात तिला 'म्हैस' म्हणत. एक तर ती काळी होती, आणि दुसरं म्हणजे पाणी दिसेल तिथे थांबायची.

मी तेव्हा नागपूरला मिशनच्या शाळेतून नुकतीच कॉलेजात गेले होते. मला फारसं बोलायला आवडत नसे. शाळेत पहिल्याच आठवड्यात मी बाईंना 'हो'च्या जागी 'हाव' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी वऱ्हाडी सोडली, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीही फारशी धरली नाही. गप्प राहणं कुठल्याही भाषेत सारखंच येतं. काका मला 'कॉन्व्हेंट' म्हणायचे. त्यांच्या मते मला जगातलं सगळं वाचता येत होतं.

त्या वर्षी हा समज मला महागात पडला.

आमच्याकडे आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबहिणी माहेरी येतात. त्या आपापल्या येत नाहीत. माहेरचं माणूस जाऊन त्यांना घेऊन येतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. काकांची थोरली बहीण, अनसूयाआत्या, वरवट बकालला दिलेली. काकांपेक्षा दहा वर्षांनी मोठी; आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. दर आखजीला काका म्हैस घेऊन तिला आणायला जात. जाताना उतार असायचा. परत येताना खामगाव सोडल्यावर घाट चढायचा, आणि वैशाखाच्या उन्हात घाटात म्हैस हमखास बसायची.

मागच्या वर्षी ती चार वेळा बसली. सकाळी निघालेली आत्या दिवेलागणीला पोचली आणि तीन दिवस अंथरुणाला खिळली. तिच्या मुलाने, दत्ताने, काकांना बजावलं होतं, "मामा, यंदा झालं ते झालं. पुढच्या साली गाडी घाटात उभी राह्यली, तं त्याच्यानंतर आई येनार नाई. सांगून ठेवतो." एसटीच्या पायऱ्या आत्याच्या गुडघ्यांना चढवत नव्हत्या. म्हणजे गाडी बंद तर माहेर बंद.

काकांनी वर्षभर त्यावर विचार केला. मूळचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, आणि घाटात गाडी हळू चालली की तोही हळू फिरायचा, नेमकं नको तेव्हा. म्हणून त्यांनी भंगारातल्या एका मोटारीचा विजेवरचा पंखा आणून पाण्याच्या टाकीपुढे बसवला. तो चालू-बंद करायला घरातल्या दिव्याचं काळं बटण स्टिअरिंगजवळ ठोकलं. पण काका विसरायचे. पंखा लावायला विसरले की पाणी उकळायचं, बंद करायला विसरले की बॅटरी उतरायची. दोनदा दोन्ही एकाच दिवशी झालं. ते कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी खामगावच्या मिस्त्रीने मुंबईहून एक डबी मागवून दिली. डबीवर फिरवायची एक चकती. डबीतून निघालेली केसासारखी बारीक, लांबलचक तांब्याची नळी. आणि नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं पितळी बोंड. बोंड पाण्यात ठेवायचं. पाणी ठरल्यापेक्षा तापलं की डबी आपोआप पंखा लावणार, निवलं की बंद करणार. मिस्त्रीने हे यंत्र आधी कधी पाहिलं नव्हतं. "सोबत कागद आहे इंग्रजी," तो म्हणाला, "वाचता येत असन तं बसवून घ्या."

"आपल्या घरी कॉन्व्हेंट आहे," काका म्हणाले.

कागद चार पानी होता. शाळेत मी फुलांवरच्या आणि समुद्रावरच्या कविता पाठ केल्या होत्या. या कागदात फूल नव्हतं आणि समुद्रही नव्हता. पहिल्या परिच्छेदातले सात शब्द मला येत नव्हते, आणि जे येत होते त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नव्हता. काका पाटावर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला येत नाही, एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "आधी तपासून घ्या म्हणतात. पाण्यात."

तेवढं खरंच लिहिलं होतं. बोंड भांड्यातल्या पाण्यात सोडायचं, पाणी तापवायचं, थर्मामीटरने मोजायचं आणि एकशे नव्वद फॅरेनहाइट अंशांना डबी लागते का ते पाहायचं. डबी लागली की कळावं म्हणून काकांनी तिला बॅटरीचा सेल आणि छोटा बल्ब जोडला. थर्मामीटर ते दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मागून घेऊन आले. मी तो पाहिला. त्याच्यावरचे आकडे एकशे आठला संपत होते. काहीतरी चुकतंय असं मला वाटलं, पण नक्की काय ते मनात जुळेपर्यंत काकांनी तो चुलीवर तापत असलेल्या आईच्या चहाच्या पातेल्यात उभा केला होता.

टक्‌ असा आवाज झाला आणि पाऱ्याचे मणी पातेल्याच्या बुडाशी पळू लागले.

"गेलं माझं पातेलं," आई म्हणाली.

"एकशे आठच्या वर ताप गेल्यावर मानूस राह्यत नाई," काका म्हणाले. "ते तं बिचारी काच होती."

आईने ते पातेलं घराबाहेर नेऊन ठेवलं, हात धुतले आणि दुसरं चुलीवर चढवलं. "कंपाउंडरले काय सांगसान ते सांगा. पन पानी तापलं का नाई हे पाहाले काच कायले लागते? कवा लागली पाह्यजे तुमची डबी?"

पाणी दोनशे बाराला उकळतं. एकशे नव्वद म्हणजे काय, हे आईला कसं सांगायचं ते मला कळेना. "उकळायच्या आधी," मी म्हटलं. "पण फार आधी नाही."

"म्हंजे पानी गाऊ लागते तवा," आई म्हणाली. "मंग गानं थांबते आन आधन येते."

ती चुलीपाशी कान देऊन बसली. मीही ऐकलं. आधी काहीच नाही, मग बारीक सूं, मग तो सूर चढत गेला. "आता," आई म्हणाली, आणि काकांनी बल्ब लागेपर्यंत चकती फिरवली. पाणी बदलून तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा आई म्हणाली "आता", आणि ती ओठ मिटते न मिटते तोच बल्ब लागला. ज्या गाडीत आई कधी पुढच्या सीटवर बसली नव्हती, तिचा ताप आईने चुलीपाशी बसून ठरवून दिला.

दुसऱ्या दिवशी डबी बसवायची होती. बोंड टाकीच्या रबरी नळीतून पाण्यात सारलं, डबी स्टिअरिंगजवळच्या लाकडी पट्टीवर ठोकली, तेव्हा मधली तांब्याची नळी हातभर जास्त झाली. काकांनी पकड उचलली.

कागदाच्या तिसऱ्या पानावर, मोठ्या जाड अक्षरांत, अख्ख्या कागदातलं मला पूर्ण कळलेलं एकमेव वाक्य होतं. नळी कापू नये. मी तोंड उघडलं. पकडीचे दात नळीवर बसले तेव्हा मी पुढे होऊन काकांचं मनगटच धरलं.

"काऊन वं?"

मी कागद दाखवला. "कापायचं नाही. तिच्यात काहीतरी भरलेलं आहे. कापली तर डबी कायमची गेली."

काका कागदाकडे, मग नळीकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले. "मंग बोलावं नं पोरी. तुह्या तोंडाले बी एक डबी बसवावं लागते काय?"

उरलेली नळी त्यांनी जिलबीसारखी गुंडाळून दोऱ्याने बांधली.

शेवटी तारेचा प्रश्न आला. कागदात दोन चित्रं होती. एकात पंख्याची तार किल्लीतून घेतली होती, दुसऱ्यात सरळ बॅटरीवरून. दुसऱ्या तऱ्हेने जोडली तर गाडी बंद केल्यावरही पंखा काही वेळ चालू राहील, असं मला दोन वेळा वाचून समजलं. यातलं कोणतं चांगलं, ते कागद सांगत नव्हता, किंवा सांगत असेल तर मला कळत नव्हतं. "मला खरंच माहीत नाही, काका," मी म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा.

काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "गाडी थांबली म्हनून ताप थांबते काय?" ते म्हणाले. "सरळ बॅटरीवर घे. गणित सोपं आहे."

आखजीच्या आदल्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. कागद वाचायला म्हणून मी सोबत होते. वरवट बकालला दत्ताने गाडीला एक फेरी मारली, डबीकडे पाहिलं, नळीच्या जिलबीकडे पाहिलं आणि आत गेला. आत्याची गाठोडी बांधून निघेपर्यंत दहा वाजले. आत्या मागच्या सीटवर बसली, मांडीवर पाण्याचा तांब्याचा हंडा. दर वर्षी ती तो गाडीसाठी घ्यायची.

"हंडा कायले घेतला अक्का?" काका म्हणाले. "यंदा लागत नाई."

"असू दे," आत्या म्हणाली.

शेगाव गेलं, खामगाव गेलं. घाटाच्या पहिल्या वळणावर इंजिनच्या आवाजाखालून एक नवा आवाज आला, घूं असा. काकांनी मान तिरपी केली. "लागला," ते हलकेच म्हणाले. मी काळ्या बटणाकडे पाहिलं. त्याला कोणी हात लावला नव्हता. दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. काका जोरात गुणगुणू लागले, बहुधा देवाचं काहीतरी. दत्ताला सांगायला आता तोंड होतं.

"गुलाब," आत्या मागून म्हणाली, "निंब आला."

वळणावर मोठा कडुनिंब होता, खाली सपाट धोंडा.

"हाव, दिसला. आता अठी थांबाची गरज नाई अक्का. तापलीच नाई ती."

कडुनिंब मागे गेला. मी मागे वळून पाहिलं. आत्या काचेतून मागे पाहत होती.

"दर साली बसतो नं आपन तठी," ती म्हणाली.

काकांचं गुणगुणणं थांबलं. काही अंतर गेल्यावर त्यांनी ब्रेक लावला. मग ती वर्षभर खपून दुरुस्त केलेली गाडी त्यांनी घाटातून उलटी, हळूहळू, कडुनिंबापर्यंत मागे आणली आणि किल्ली काढली. पंखा चालूच राहिला.

"हे काऊन चालू आहे अजून?" आत्याने विचारलं.

"ताप उतरेपर्यंत चालते ते."

दोघं धोंड्यावर बसली. आत्याने कमरेची पिशवी सोडली. आत फडक्यात शेंगदाण्याचे दोन लाडू होते. मला पाहून ती ओशाळली आणि आपला अर्धा मोडून मला दिला. गाठोड्यात लाडवांचा डबाच्या डबा होता, हे मला माहीत होतं. हे दोन वेगळे होते.

मी जरा दूर जाऊन बसले. तरी ऐकू येत होतं. आत्या त्यांना रागावत होती, वाळला आहेस, रात्री दूध घेत जा. काका सांगत होते की काकूचं लुगडं अजून पेटीत आहे, कुणाला द्यावं कळत नाही. मला आठवलं, घरी पोचल्यावर आत्या गल्लीतल्या बायकांची होऊन जायची आणि काका ओसरीवर पुरुषांत बसायचे. चार दिवसांत त्यांचं आपसातलं बोलणं "चहा झाला काय" याच्या पुढे गेलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मागच्या वर्षी घाटात चार वेळा थांबावं लागलं म्हणून सगळे काकांना बोलले होते. आत्या मात्र बोलली नव्हती, हे मला आता जाणवलं.

टक्‌ असं झालं आणि पंखा थांबला. घाट एकदम शांत झाला. कोणी उठलं नाही.

"दत्ताले सांगू नको बरं, थांबलो म्हनून," आत्या म्हणाली.

काका उठले, गाडीपाशी गेले, उलटा हात बॉनेटला लावला आणि डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"एकशे एक," ते म्हणाले. "पडू द्या तिले जराशी."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "खरंच काय वं? तू पाह्य बरं हात लावून."

मी जाऊन हात लावला, काकांसारखाच, उलटा. सावलीतला पत्रा निवला होता. काका माझ्याकडे न पाहता रस्त्याकडे पाहत होते.

"हाव आत्या," मी म्हणाले. "लय गरम आहे."