तीनदा मिचकू द्या

ड्रायव्हिंगच्या परीक्षेआधीच्या रविवारी मधुकररावांनी गाडीच्या इंडिकेटरचे चारही बल्ब बदलले. एकवीस वॅटचे काढून दहाचे बसवले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला थकलेल्या बॅटरीची दया येते ती अशी, वॅटच्या भाषेत. अंगणातल्या भर उन्हात दिवे मिनिटाला साठ वेळा मिचकले. त्यांनी तशी नोंद केली आणि जुने बल्ब कोटाच्या खिशात टाकले.

परीक्षा तिसरी होती. दुसऱ्या खेपेस इन्स्पेक्टर रुपरावांनी एका वाक्यात नापास केले होते, "सर, तीनदा मिचकू द्या, मंग वळा, तुम्ही पैलेच वळता." पत्नी कुसुमावतीबाई पहिल्याच खेपेस पास झाल्या होत्या. रोज त्या गाडी चालवीत, मधुकरराव मागच्या सीटवर टिपणे चाळत, आणि कॉलेजच्या फाटकाशी चपराशी नत्थूजी विचारी, "आजबी बाईनंच आणलं काय, सर?" त्या एका प्रश्नापायी त्यांना लायसन्स हवे होते.

परीक्षेच्या सकाळी डिसेंबरचे धुके होते. रुपराव शेजारी बसले. मागे कुसुमावतीबाई, मांडीवर गरम पोह्यांचा डबा घेऊन. पहिल्याच वळणावर मधुकररावांनी इंडिकेटर दिला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

ते थांबले. समोर धुक्यात एक नारिंगी डाग तरंगत होता, देठावाचून टांगलेल्या संत्र्यासारखा. पाहता पाहता त्यांना वाटू लागले की घड्याळे निघण्यापूर्वी काळ असाच असावा, स्थिर, उबदार, एककाविना. बऱ्याच वेळाने संत्रे विझले. पुन्हा लागले.

"सर, काहून थांबले जी?"

"एकदाच मिचकला. अजून दोनदा मिचकायचा आहे."

रुपरावांनी तोंड उघडले, पण नियम त्यांचाच होता. तेही संत्र्याकडे पाहत बसले. मागे काटोलची बस येऊन थांबली. एक दूधवाला सायकलवरून खिडकीशी वाकला.

"काहून गा, डोये उघडे ठेवून झोपली काय गाडी?"

त्या शब्दांनी मधुकरराव जागे झाले. डॅशबोर्डखालच्या डबीतली धातूची पट्टी विजेने तापून वाकली की दिवा विझतो. छोट्या बल्बांमुळे वीज कमी वाहत होती. रविवारी कमी पडणारी ऊब उन्हाने पुरवली होती. नोंदवहीत उन्हाचा रकानाच नव्हता.

"डबी थंड आहे," ते पुटपुटले.

"कोन्ती? हे टिकटिक करते ते?" मागून कुसुमावतीबाई वाकल्या. "थंडी वाजून राहिली असंन तिले." आणि त्यांनी पोह्यांचा डबा तिला टेकवून धरला.

टिक. जरा वेळाने आणखी एकदा टिक. मधुकरराव वळले.

"नियम पाळणारा मानूस पैल्यांदा पाह्यला," असे म्हणत रुपरावांनी सही केली आणि पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून मधुकरराव स्वतः गाडी चालवू लागले. शेजारी कुसुमावतीबाई, डबा डबीला टेकवून. गाडीत कढीपत्त्याचा वास दरवळे, धुक्यात संत्रे उगवे, मावळे. वळणावर दोघेही त्याची वाट पाहत.

"आजबी बाईनंच आणलं काय, सर?" नत्थूजीने विचारलेच.

"जुने बल्ब लावले तं मी घरी राह्यली असती," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "कुठी ठेवले जी?"

"हरवले," दशांश चिन्हाशिवाय कधी उत्तर न देणारे मधुकरराव म्हणाले आणि उतरले. उतरताना कोटाच्या खिशात काच किणकिणली.

कुसुमावतीबाईंनी ऐकले असावे. त्यांनी एवढेच विचारले, "उद्या उपमा आणू का?"