वच्छलाच्या लग्नाच्या पत्रिका

नव्या पेठेत हिंदुरावांचं धान्याचं दुकान होतं. लेकीचं, वच्छलाचं लग्न वैशाखात, आणि त्यांनी पत्रिका माघातच छापून आणल्या. त्या काळी घरोघर अक्षता देऊन आवतण करीत. छापील पत्रिकेचं अप्रूप होतं.

"एवढी कसली घाई हो?" बायको बजाबाई म्हणाली.

"खेड्यात टपाल पोचायला येळ लागतो की! उशिरा बोलावलं म्हणून कुणी रुसायला नगं." त्याच दिवशी सगळ्या पत्रिका टपालपेटीत पडल्या.

फाल्गुनात दुधनीहून व्याही महिपतींचा निरोप आला. त्यांच्या थोरल्या जावयाला वैशाखात रजा नव्हती. लग्न ज्येष्ठात करू या. आता प्रत्येकाला समक्ष सांगणं आलं. हिंदुराव बैलगाडी जुंपून निघाले.

पहिलंच घर गोजरमावशीचं. ती चुलीपुढून ताडकन उठली.

"आवतण दिऊन माघारी घेतोस व्हय रं? आमी लई खातो काय?"

"तसं न्हाय मावशी, दिवस बदललाय..."

"मग मी कदीच यायची न्हाय!"

हिंदुराव गडबडले. "बरं, पत्रिकेतल्या दिवशी बी या की. घर तुमचंच हाय."

मावशी हसली. पुढच्या घरीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. शेवटी सगळे पाहुणे जुन्याच दिवशी यायचे ठरले.

त्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. बजाबाईनं नवऱ्याकडे न बघता मोठं पातेलं चुलीवर चढवलं. पाहुणे जमणार याची कुणकुण दुधनीला आधीच लागली होती. दुपारच्या गाडीनं महिपती नवरदेवालाच घेऊन तणतणत आले.

"आमाला सोडून लगीन लावताय व्हय?"

"नवऱ्याबिगर कसं लावणार, पावनं?"

"मग ह्यो घ्या नवरा!"

गोजरमावशी मधे पडली. "नवरा हाय, नवरी हाय, मुहूर्त तर छापलेलाच हाय. वाट कुणाची बघताय?"

महिपतींनी डोकं खाजवलं. "जावयाची समजूत मी काढतो."

पेठेतूनच शालू आला, भटजी आले, आणि गोरज मुहूर्तावर लग्न लागलं.

सकाळी वच्छला टांग्यात बसून स्टेशनाकडे गेली. हिंदुराव रिकाम्या अंगणात पाठमोरे उभे होते. बजाबाई पाणी घेऊन आली. तिचेही डोळे सुजलेले.

"रडताय व्हय?"

"न्हाय की."

"रडायचं तर जेष्ठात ठरलं हुतं न्हवं?"

हिंदुरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. "दिवस परत बदलला, ते एकाला कळवायचंच ऱ्हायलं बघ," ते म्हणाले, "माझं मलाच."