बाह्यांशी बाह्या

बायको दोऱ्याची रिळं आणायला बाहेर पडली आणि नवऱ्याला एकाएकी आपण बाप असल्याची आठवण झाली. एरवी सुट्टीच्या दिवशी हा माणूस विमा कचेरीचा शीण काढत आडवा पडलेला असतो. त्या दिवशी मात्र मोबाइलवर त्याला लहान मुलांसोबत घरच्या घरी करायचे झटपट, सोपे उपक्रम सापडले. असले सल्ले देणाऱ्यांच्या घरात कुणी काम करत नसावं, असा मला दाट संशय आहे.

उपक्रम म्हणजे वस्तू आकारानुसार वेगळ्या करायच्या. चार वर्षांच्या ठकीला घेऊन तो बायकोच्या शिवणाच्या खोलीत शिरला. टेबलावर एकाच मरून कापडाचे कोट बेतून ठेवले होते. एका वाद्यपथकाची ऑर्डर होती, तिची पहिलीच मोठी. कोट पसंत पडले तर पथकाचं सगळं शिवण तिच्याकडे येणार होतं, नाहीतर पुन्हा शेजारणींच्या पडद्यांना टिपा घालणं होतंच. एकेका वादकाचे तुकडे एकत्र टाचून वर तिने नावाची चिठ्ठी लावली होती.

मुलीला टोचू नये म्हणून बापाने आधी सगळ्या टाचण्या काढल्या. केवढी ती काळजी! निघालेल्या चिठ्ठ्या ठकीने रंगवून टाकल्या. मग दोघांनी बाह्यांशी बाह्या, कॉलरींशी कॉलरी, पाठींशी पाठी असे सुरेख ढीग लावले.

बायको परतली आणि दारातच थबकली.

“हे काय आहे?” तिचा आवाज चढलेला नव्हता. ही वाईट खूण होती.

“वर्गीकरण,” तो म्हणाला. “मेंदूला चालना मिळते.”

“कुणाच्या?”

मग आवाज चढला. लग्नापासूनची सगळी उणीदुणी निघाली, त्यात सासूबाईही आल्या. तोही चिडला. मुलीकडे बघत नाही म्हणून बोलणी खायची आणि बघितलं तरी खायची, मग माणसाने करायचं तरी काय, असं त्याने विचारलं. यात थोडंफार तथ्य होतं, त्यामुळे ती आणखीच भडकली. तिने मापाची टेप त्याच्या अंगावर भिरकावली.

“मोजा आता. हाही शैक्षणिकच उपक्रम आहे.”

दोन दिवस घरात टेप आणि शिवणयंत्र यांचंच राज्य होतं. तो कचेरीतून यायचा, मुकाट्याने तुकडे मोजायचा आणि चुकला की शिव्या खायचा. तरी व्हायचं ते झालंच. बुटक्या बासरीवाल्याच्या कोटाला ताडमाड ढोलवाल्याच्या बाह्या लागल्या, वर त्या छाटूनही झाल्या. हे कळलं तेव्हा ढोलवाल्यासाठी बासरीवाल्याच्या बाह्या तेवढ्या उरल्या होत्या. जादा कापड नव्हतं आणि वेळही नव्हता. तिने दात-ओठ खात त्याच जोडल्या.

कोट न्यायला पथकप्रमुख आला तो ढोलवाल्याला घेऊनच. ढोलवाल्याने कोट चढवला आणि बाह्या मनगटाच्या चांगल्या वर येऊन थांबल्या. बायकोचा चेहरा पडला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. चूक आपली आहे हे निदान आपण होऊन सांगावं, असं ठरवून तो पुढे सरकला.

ढोलवाल्याने हवेत दोन्ही हात जोरजोरात चालवून पाहिले.

“अरे वा,” तो म्हणाला. “दरवेळी काठी बाहीत अडकायची. कुणाही शिंप्याला सांगून पटलं नाही. आज पहिल्यांदा हात मोकळा आहे.”

पथकप्रमुखाने बाही उलटसुलट करून पाहिली. बाकीच्या ढोलवाल्यांचे कोटही असेच करून द्या, पुढचं सगळं शिवणही आता तुमच्याकडेच, असं सांगून त्याने विचारलं, “पण वहिनी, हे डोकं कुणाचं?”

“माझं,” बायको म्हणाली, अगदी शांतपणे.

ठकीने लगेच तोंड उघडलं, “नाही, बाबांनीच तर...”

बाबांनी तिला उचललं आणि हात धुवायला आत नेलं.