सिराज आणि एक ‘द’

कोणाही सजीवाची खरी ओळख तो कुठून आला यावरून पटते. तो कसा आहे, हे सवडीने पाहिलं तरी चालतं. मोडनिंबजवळच्या एका द्राक्ष बागायतदार मंडळाने याच तत्त्वावर अक्षताच्या दोन एकरांचं पाणी थांबवलं. तिने ‘शिराज’ जातीची, लाल वाइनची द्राक्षं लावली होती. नाव ऐकताच मंडळाने सामाईक शेततळ्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मूळशोध समिती नेमली. सदस्य पाच. पैकी चौघे गोपाळ गुरुजींचे जुने विद्यार्थी, पाचवे स्वतः गुरुजी.

“गुरुजी, आठ दिस झालं. पानं वळायला लागली की,” अक्षता म्हणाली.

“समजावतो गं त्यांना,” गुरुजी म्हणाले. चौथीच्या वर्गाला तीस वर्षं भागाकार समजावलेला माणूस. न समजणारा माणूस असतो, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

समितीने आधी गुण तपासले. मणी बारीक, साल जाड, आत बिया. जगभरचे जाणकार या वाइनमध्ये मिरी, जांभूळ आणि धूर यांचे वास शोधून काढतात. (सदस्य येडू यांना फक्त फवारणीचा आला.) गुण तीन मिनिटांत आटोपले. मूळ या विषयाला अडीच तास लागले.

“सिराज मंजी कुटलं पाव्हणं ह्ये?” अध्यक्ष मायाप्पांनी विचारलं. शिराजला सारे सिराजच म्हणत.

गुरुजींनी फळ्यावर दोन गोल काढले. “इराणात शिराज नावाचं शहर आहे. हे द्राक्ष तिथून आलं, अशी दंतकथा आहे. पण शास्त्रज्ञांनी तपासलं, तर आईबाप दोघंही फ्रान्सचे निघाले. बाप काळा, आई पांढरी.”

“घरच्यास्नी पसंत हुतं व्हय?” येडू म्हणाला.

“द्राक्षांत विचारत नाहीत, येडू.”

“तरीच!” मायाप्पा म्हणाले. हे इतिवृत्तात घेतलं गेलं.

गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी समिती द्रवली. फ्रान्सला हरकत नाही. नाव तेवढं खटकतं.

“एक ‘द’ घाला की मधी,” मायाप्पांना सुचलं. “सिदराज! आपल्या सिद्धेश्वराचं नाव.”

ठराव एकमताने मंजूर झाला. (गुरुजी तेव्हा फळा पुसत होते.) व्हॉल्व्ह उघडला. अक्षता बागेकडे धावली. ती पोचायच्या आत दुसरा ठराव झाला: देवाचं नाव असलेल्या द्राक्षाची वाइन करता येणार नाही.

गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि राजीनामा लिहिला. कारणाच्या जागी एकच ओळ होती: ‘शिकवण्यात कमी पडलो.’ समितीने तो खेदपूर्वक, पण ताबडतोब स्वीकारला.

या हकिकतीत कोणाचंही आडनाव दिलेलं नाही. तरीही ज्या वाचकांनी एव्हाना प्रत्येकाचं मनातल्या मनात ताडून ठेवलं असेल, त्यांनी मंडळाकडे अर्ज करावा. एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही.